अठरावा शिपाई

"बरोबर," नुझहत एफेंदी म्हणाला, आणि मी पुढचं नाव वाचलं.

येमेनमधून परत आणायच्या आजारी शिपायांची ती यादी होती. पाशांनी मंजूर केलेला मसुदा माझ्या हातात, नुझहतनं केलेली स्वच्छ प्रत त्याच्या पुढ्यात. मी वाचायचं, त्यानं ताडून बघायचं, मग कागद शिक्क्याला जायचा. इस्तंबूलच्या या कचेरीत वजीर आले नि गेले. आम्ही दोघे मात्र एकतीस वर्षं हेच करत बसलो होतो.

"सतरावा, सिवासचा हुर्शित, बाप इल्यास."

"बरोबर."

"अठरावा, बोलूचा दुर्सुन, बाप यूनुस."

नुझहतचं बोट त्या ओळीवर अडलं. मी मान वाकवून प्रतीवर पाहिलं. तिथं दुर्सुनच्या जागी केनानचं नाव होतं. केनान म्हणजे नुझहतचा एकुलता एक मुलगा; दोन वर्षं येमेनात तापानं झिजत होता. त्याच्यासाठी केलेला अर्ज तीनदा वर गेला आणि तीनदा कुणाच्या तरी खणात पडून राहिला.

नुझहतच्या ओठावर काळा डाग होता. आमची शाई काजळीची, कागद घोटलेला; अक्षर चुकलं की कारकून ते सरळ जिभेनं चाटून पुसतो. दुर्सुनला त्यानं असंच पुसलं होतं. एकोणिसावं नाव वाढवणं शक्यच नव्हतं, कारण मसुद्याखाली अठरा हा आकडा खुद्द पाशांच्या हातचा होता.

"मी काही पाहिलं नाही," मी हळूच म्हणालो. "बरोबर म्हण आणि मोकळा हो."

"तू त्याच्या बापाचं नाव घेतलंस रे."

"मसुद्यात आहे म्हणून घेतलं. माझ्या पदरचं नाही."

"यूनुस," तो म्हणाला. "तोही कुणाकुणाला विचारत फिरत असेल."

मला त्याचा भयंकर राग आला. या माणसानं कधी कचेरीतला कोरा कागदसुद्धा घरी नेला नाही, आणि त्या सचोटीचं हे फळ. मी तसं बोललोही. त्यानं कागद तोंडाशी नेला, मुलाचं नाव चाटून पुसलं. मग बोरू बुडवून दुर्सुनचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

"वाच."

मी वाचलं.

"बरोबर."

आमची घरं समोरासमोर. संध्याकाळी बरोबरच परतलो. नुझहतच्या घरी मेव्हिबे वहिनींनी केनानची गादी खिडकीत उन्हाला घातली होती.

"अहो, आली का यादी?" त्यांनी वरूनच विचारलं.

"आली."

"मग?"

नुझहत दाराशी जोडे काढायला वाकला.

"गादी आत घे," तो म्हणाला. "ऊन गेलं."