गळा धरणारी सांडशी आणि कोरा चहा

मी एक जुनी सांडशी आहे. नाशकात पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, लंकाबाईच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असते. माझं काम एकच, गळा धरायचा. पातेल्याचा धरते, कढईचा धरते, कुकरच्या डब्याचाही सोडत नाही. मित्रांनो, तुम्ही शाळेत कोणाचा गळा धरलात तर बाई तुम्हाला अंगठे धरून उभं करतात. मी रोज धरते आणि वर शाबासकी खाते. असतं एकेकाचं नशीब!

माझा जन्म हरसूलच्या बाजारात झाला, आणि मार खातच झाला. त्याआधी मी एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होते. खड्ड्यांवर आदळून आदळून ट्रक मेला आणि मी रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका लोहाराच्या हाती आले. त्याने मला भट्टीत लाल केलं, दुसऱ्या सांडशीने माझी मान पकडली आणि मस्त मांडी घालून बसला. घण उचलला तो त्याच्या बायकोने. त्या फिरत्या लोहारांत घण बाईच घालते. पदर खोचून तिने मला असं बडवलं, असं बडवलं, की माझ्या बापजाद्या ट्रकची सगळी हाडं ढिली झाली असती. लोहार नुसता म्हणायचा, "हं, अजून एक." ती म्हणायची, "मला शिकवू नको, नीट धर." धाडकन घाव! मग पाण्यात बुडवलं. चर्रर्र! दोन पाय, मध्ये एक खिळा, झाले मी तयार.

लंकाबाईचं माहेर हरसूलच्याच डोंगरातलं. बाजाराला आली होती, नवरा केरू सोबत. तिने मला उचललं आणि पकड बघायला केरूच्या डोक्यावरची टोपीच धरून उचलली. सगळा बाजार हसला. मीपण हसले. केरू तेवढा हसला नाही. घरी आल्यावर त्याने लंकाबाईच्या पाठीत माझेच दोन फटके घातले. माझ्या कामाची सुरुवात ही अशी झाली, मित्रांनो. पातेलं नंतर धरलं, पाठ आधी पाहिली.

केरूला मारायला कारण लागायचं आणि चहा रोज व्हायचाच. चहा पाणचट झाला तर कप भिंतीवर. कडक झाला तर हात लंकाबाईच्या गालावर. मी मुळात खोडकर. एकदा तो चुलीपाशी बसला होता, तेव्हा मी मुद्दाम पकड सोडली आणि उकळता चहा त्याच्या पायावर ओतला. काय नाचला! तमाशातल्या नाच्याला लाजवेल असा. पण त्याचा सगळा हिशोब लंकाबाईच्या अंगावर निघाला. तेव्हापासून मी जपून खोड्या करते. खोडी आपण करावी आणि मार दुसऱ्याने खावा, याच्यात मजा नाही.

पुढे केरू गेला. भिंतीवर हार घालून शांत बसला. त्याला एवढं शांत घराने पहिल्यांदाच पाहिलं.

लंकाबाईचा मुलगा संतोष. भाजीबाजारात त्याचा गाळा आहे, पहाटे जातो, उन्हं वर आली की घरी येतो. त्याची बायको हर्षाली सायखेड्याची, हसरी, हाताला चपळ. ती आली आणि माझे सुखाचे दिवस आले. मला घासून कोरडी करायची, खिळ्यात तेलाचा थेंब सोडायची. घट्ट दुधाचा, आलं ठेचलेला चहा सकाळी ओट्यावर फसफसायचा, वर यायचा, मी पटकन पातेल्याचा गळा धरून त्याला खाली उतरवायचे. लंकाबाई म्हणायची, "ही सांडशी हाय म्हणून माझं घर चालतंय." ऐकून माझे दोन्ही पाय गार व्हायचे.

मग संतोषचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी दूध बंद केलं. "चहा सोडवत नसेल तर कोरा प्या," म्हणाले. झालं!

आतापर्यंत घरात बारीक भुकटीचा चहा यायचा. दुधात तो छान लाल दिसायचा. दूध काढलं आणि त्याचं खरं रूप बाहेर आलं. काळाकुट्ट, कडूजहर. संतोषने पहिला घोट घेतला आणि कप भिंतीवर. फट्! भिंतीवर चहाचा ओघळ, बरोबर केरूच्या फोटोखाली.

"हे काय आहे? बाजारात भाव पडलेत, तिथे डोकं फिरतं, घरी येऊन हे गटाराचं पाणी प्यायचं?"

हर्षाली काचा गोळा करत होती. लंकाबाई तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "पोरी, दुसरी पत्ती आण. चांगली आण. चहा जमला ना, की घर गप बसतं. मी आयुष्यभर तेच केलं."

हर्षालीने ते मनावर घेतलं. तिला वाटलं, घरात रोज पिता येईल असा एक चांगला कोरा चहा सापडला की हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होईल. मग काय, सुरू झाला शोध! मॉलमधून डब्याचा चहा आला. संतोष म्हणाला, पुठ्ठ्याचा वास येतो. डबा मोरीत. दोऱ्याच्या पिशवीतला चहा आला. संतोषने दोरी धरून पिशवी वर काढली.

"हा काय उंदीर बुडवलाय?"

पिशवी हर्षालीच्या तोंडावर. मला आत कुठेतरी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण ती पिशवी गरम होती. हर्षालीच्या डोळ्याखाली लाल चट्टा उठला आणि माझं हसू तिथेच गंजलं.

त्याच दिवशी माझा खिळा ढिला झाला म्हणून तिने मला पिशवीत घातलं आणि बाजारात नेलं. खिळा ठोकून झाला, मग ती गल्लीच्या तोंडाशी निसारभाईच्या दुकानात गेली. निसारभाई सुटी चहापत्ती विकतो. त्याच्या दुकानात सगळीकडे पत्र्याचे मोठे डबे, आणि तोंडात त्याच्या डब्यांपेक्षा जास्त माल.

"भाभी, दूध म्हणजे मेकअप," तो म्हणाला. "पार्लरचा खर्च वाचला की नवरीचं तोंड दिसतं. ही बारीक भुकटी कोऱ्याला चालत नाही. मोठा दाणा घ्या, आसामचा. त्यात मूठभर निलगिरीच्या मळ्यातली पत्ती टाकतो. वासाने पाहुणे दारात येतील, बघा."

"पाहुणे नकोत निसारभाई," हर्षाली म्हणाली. "भांडण होणार नाही असा चहा द्या."

निसारभाईचा हात डब्यातच थांबला. त्याने तिच्या डोळ्याखालचा चट्टा पाहिला. 

"तसला चहा मी विकत नाही भाभी. कोणाकडेच मिळत नाही," तो म्हणाला. मग पुडी बांधत, खाली बघत म्हणाला, "दुकान इथंच असतं. माझी बायको वरच्या माळ्यावरच राहते. कधी पण या."

चहा मात्र झकास होता. पण घरी आल्यावर लंकाबाईने सवयीने सांगितलं, "उकळ चांगला. चहा उकळल्याशिवाय कच्चा राहतो." आमच्याकडे चहा म्हणजे काढा, मित्रांनो. दुधाचा चहा उकळायचा म्हणून कोराही उकळायचा, पार रंग जळेपर्यंत. त्या बिचाऱ्या आसामच्या दाण्यांचा ओट्यावर खून होत होता आणि मी गळा धरून साक्षीला उभी. संतोष आला, प्यायला, आणि या वेळी कप फेकला नाही. हर्षालीला थोबाडीत मारली. एवढ्या जोरात, की ती ओट्यावर आदळली आणि मी खिळ्यावरून खाली पडले. तिच्या ओठातून रक्त आलं. ती रडली नाही. पुडी उचलून तिचा वास घेत राहिली, चुकलं कुठे ते शोधत.

तिचं चुकलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण लोखंडाला जीभ नसते.

पुढे एका दुपारी गंमत झाली. पाण्याला उकळी आली, हर्षालीने पत्ती टाकली, आणि भप्! सिलिंडर संपला. संतोष घरी नव्हता. तिने वैतागून पातेल्यावर झाकण ठेवलं, थोडा वेळ डोक्याला हात लावून बसली, मग म्हणाली, "जाऊ दे, आपल्यालाच प्यायचाय." मी गळा धरला, तिने गाळला.

आई शप्पथ, काय रंग! विटकरी, नितळ, कपाचा तळ दिसत होता. लंकाबाईने घोट घेतला आणि तिचे डोळेच मोठे झाले.

"अगं बया! उकळलाच नाय, तरी?"

"उकळायचाच नसतो वाटतं, आई. पत्ती टाकायची, गॅस बंद, झाकण."

"आन् मी आयुष्यभर..." लंकाबाईने कप पुन्हा तोंडाला लावला. दोघींनी उरलेला चहा वाटून घेतला. सासू-सुना ओट्याला टेकून, कप दोन्ही हातांत धरून, एकमेकींकडे बघून हसत होत्या. घराला सापडला होता रोजचा चहा! मलापण वाटलं, चला, संपली मारामारी. आता म्हातारपण सुखात जाईल.

दुसऱ्या दिवशी नवा सिलिंडर होता. संतोष बाजारातून आला. हर्षालीने पत्ती टाकली, गॅस बंद केला, झाकण ठेवलं. मी पातेल्याच्या तापलेल्या गळ्याला घट्ट बिलगले. तिने कप भरून त्याच्यापुढे ठेवला आणि श्वास धरून उभी राहिली.

संतोष प्यायला. पुन्हा प्यायला. कप रिकामा केला.

"भारी झालाय," तो म्हणाला.

हर्षालीने श्वास सोडला. लंकाबाईने केरूच्या फोटोकडे पाहिलं.

"म्हणजे तुला येतो," संतोष म्हणाला. आवाज हळूहळू चढायला लागला. "येतो ना? मग इतके दिवस मला विष पाजत होतीस? मुद्दाम? बाजारात लोक माझी चेष्टा करतात आणि घरात तूपण?"

शेजारच्या बर्नरवर भाकरीचा तवा तापत होता आणि मी त्याला तोंड टेकून पडले होते; त्याने मला उचललं आणि हात वर नेला.

मित्रांनो, हाताला आलेली खोडी अशा वेळी सोडायची नसते. हर्षालीचा हात चपळ, ती खाली वाकली. मी हवेतून सपकन गेले आणि ओट्याच्या कडेवर आपटले. आपटताना माझे दोन पाय कच्चकन मिटले आणि त्यांच्यामध्ये संतोषच्या तळहाताचं कातडं सापडलं. अंगठ्याच्या बाजूचं, मऊ, लुसलुशीत. मी काही सोडलं नाही!

"आई गं!" तो किंचाळला, हात झटकून मला फेकून दिलं.

मी पडले ती लंकाबाईच्या पायाशी. म्हातारी वाकली. मला उचललं. माझं तोंड अजून तव्याने चांगलंच तापलेलं होतं. तिने एक पाऊल टाकलं आणि पोराचा कान माझ्या तोंडात दिला.

चर्र!

"आई! कान! आई, सोड, जळतोय!"

"ओरड," लंकाबाई म्हणाली. "अजून ओरड. सगळ्या बाजाराला ऐकू जाऊ दे. चहा चांगला झाला का नाय?"

"झाला! झाला!"

"मग हात का उठला?"

संतोष कान सोडवायला धडपडला. कान लाल, डोळ्यांत पाणी. 

"तुझ्या बापाला बी मी हेच विचारायला पाहिजे व्हतं. मी चहा बदलत बसले." तिने पकड आणखी आवळली. "आता ऐक. हे घर माझ्या नावावर हाय. पुन्यांदा हिच्या अंगाला हात लागला तर बाहेर तू जाशील, ही नाय. आन् पोलिसांत मी सोता घेऊन जाईन हिला. साक्ष मी देईन. आईची साक्ष लय जड असती, पोरा."

मग तिने कान सोडला.

हर्षाली ओट्याला पाठ लावून उभी होती. ती पुढे आली. पातेलं विसळलं, त्यात पाणी घेतलं, पत्तीची पुडी शेजारी ठेवली.

"करा," ती म्हणाली. "आम्हाला दोघींना पाहिजे. तुम्हीच करा."

संतोष एका हाताने कान धरून, दुसऱ्या हाताने चहा करायला लागला. साहेबांनी मूठभर पत्ती टाकली आणि उकळवला, उकळवला, पार डांबर होईस्तोवर. पातेलं उतरवायला त्याने मला घेतलं, पण असं घाबरत घाबरत, जसा साप धरलाय. गाळताना अर्धा ओट्यावर सांडला. दोन कप त्यांच्यापुढे ठेवले आणि मान खाली घालून उभा राहिला.

हर्षालीने घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. संतोष तिच्या हातातल्या कपाकडे बघत होता. तो कप कुठे जाणार, हे त्याला पाठ होतं. त्याचे खांदे आपोआप वर आले.

"कडू झालाय," हर्षाली म्हणाली, आणि कप बशीत ठेवला.

बस. एवढंच. कप फुटला नाही. भिंतीवर ओघळ आला नाही. संतोषने त्या आख्ख्या कपाकडे पाहिलं आणि खाली बसला.

मित्रांनो, मला ओली टांगू नका, मी गंजते. माझ्याने नारळ फोडू नका, खिळे ठोकू नका, आणि कोणाच्या पाठीवर तर मुळीच चालवू नका. नाही तर कातडं माझ्याकडे, आधीच सांगून ठेवते! आणि उद्या तुमच्या घरात चहा कडू झाला तर सरळ म्हणा, कडू झालाय. थोडी साखर मागा. तरी नाहीच गेला घशाखाली, तर उठा आणि स्वतः दुसरा करा. पातेलं गरम असेल, जपून. मी आहेच हाताशी.