रकान्यात न बसलेली दहा मिनिटं

“याच्यावर वजन किती यायचंय?” मिस्त्रींनी विचारलं आणि तिथेच ते नापास झाले.

आमच्या बसदुरुस्तीच्या वर्कशॉपात त्या दिवशी ‘नवविचार आणि गटनेतृत्व’ या विषयावर शिबिर होतं. शिबिर घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही टायवाला म्हणत होतो. गळ्यातल्या टायशिवाय त्याने आयुष्यात दुसरं काही आवळलं नसावं. त्याने आमचे दोन गट पाडले, जुनी वर्तमानपत्रं आणि डिंक वाटला आणि दहा मिनिटांत उंचात उंच मनोरा बांधायला सांगितलं. एका गटाचे प्रमुख मिस्त्री, म्हणजे आमचे मुख्य मेकॅनिक. दुसऱ्याचे भांडारवाले, म्हणजे स्पेअर पार्टच्या खोलीची किल्ली सांभाळणारे आणि साध्या नटबोल्टसाठी अर्ज मागणारे गृहस्थ.

वजनाचं विसरा, भरारी घ्या, असं टायवाला म्हणाला. मिस्त्रींनी मग सवयीप्रमाणे गटातल्या एकेकाला विचारलं, तुझ्या मते कसं बांधायचं. त्यांचा मनोरा गुडघ्याएवढाच झाला, पण उभा राहिला. भांडारवाल्यांनी “मी सांगतो तसं करा” म्हणत पुरुषभर उंचीचा मनोरा उठवला. तो पडला, पण फोटो काढून झाल्यावर पडला. टायवाल्याने मिस्त्रींच्या नावापुढे ‘निर्णयक्षमतेचा अभाव’ असा शेरा मारला. मी इथला वेळ-कारकून, त्यामुळे तो टाइप करायचं पुण्य माझ्याच पदरी पडलं.

मिस्त्रींची ही सवय अठरा वर्षांची. नुकतेच मुख्य झाले होते तेव्हा एक बस खडखडत आली. त्यांनी ऐकलं आणि “गिअरबॉक्स” म्हणून मोकळे झाले. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. दोन दिवस गिअरबॉक्स खोलला, आत काहीच निघालं नाही. शेवटी गाड्या धुणारी बाई म्हणाली की खडखड मागच्या सीटखालच्या पट्टीची आहे, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग बोलली का नाहीस, असं मिस्त्रींनी विचारलं. “तुम्ही बोललात ना. मग मी कशाला बोलू?” ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर तिच्यावर खेकसला असता. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवसापासून रीत घातली. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बिघडलेल्या गाडीभोवती सगळ्यांनी उभं राहायचं, इंजिन चालू करायचं आणि ऐकायचं. मग बोलायचं ते सगळ्यात खालच्या माणसापासून, म्हणजे आधी धुणारी बाई, मग वेल्डर, मग बाकीचे. मिस्त्री सगळ्यात शेवटी. आठ-वीसला हत्यारं उचलायची. अठरा वर्षांत उगाच खोललेली गाडी मला तरी आठवत नाही.

पण माझ्या वेळपत्रकात रकाने चारच होते: काम, जेवण, रजा आणि रिकामा वेळ. उभं राहून ऐकणं हे काम कसं लिहायचं? मी ती दहा मिनिटं रोज ‘रिकामा वेळ’मध्ये टाकत आलो. कोणी ते कागद वाचत नव्हतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलंही नाही.

टायवाल्याने वाचले. त्याने दहा मिनिटं गुणिले दहा माणसं गुणिले वर्षाचे दिवस असा गुणाकार केला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब तर काय, इंजिन पुढे असतं की मागे हे विचारून घेणारा माणूस. त्यांनी मिस्त्रींना टायर विभागात पाठवलं आणि भांडारवाल्यांना गटप्रमुख केलं. टायर विभाग म्हणजे कोपऱ्यातली एक शेड आणि एकच माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या मिस्त्रींनी एकच मागणी केली. “मी टायरला जातो, साहेब. पण सकाळची दहा मिनिटं बंद करू नका. माणसं बोलायची थांबतील.”

साहेब उदार झाले. दहा मिनिटं राहिली. त्यांना ‘नवविचार सभा’ असं नाव मिळालं आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या वेळपत्रकात पाचवा रकाना छापून आला. आता बोलायचे मात्र गटप्रमुख. बाकीच्यांसाठी दाराजवळ कुलूप लावलेली सूचनापेटी टांगली.

पहिल्या सभेला मागून कडकड आवाज करणारी बस होती. भांडारवाले म्हणाले, “इंजिन उतरवा.” वेल्डरसारखा तोंडाळ माणूससुद्धा मूग गिळून बसला. मी पाचव्या रकान्यात दहा मिनिटं लिहिली, पण पेन जड झालं. तसाच उठलो आणि टायरच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्री पहारीने टायर सोडवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ‘रिकामा वेळ’ लिहिणारा हात माझा होता, हेही सांगितलं.

त्यांनी पहार आणखी एकदा रेटली. मग म्हणाले, “दुसरा रकाना होता का?”

“नव्हता.”

“मग तू तरी काय करणार.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात बाई बादली घेऊन आली. तिला पाहून मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. त्यांनी विचारायची वाटही तिने पाहिली नाही.

“मिस्त्री, त्या गाडीत धुतल्यावर मागं उजवीकडं पाणी साचतंय. आधी साचत नव्हतं. गाडी त्या अंगाला बसलीय.”

“मागचा स्प्रिंगचा पाटा तुटलाय,” मिस्त्री म्हणाले. “सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं. पेटीत टाका म्हणाले. मला लिहायला कुठं येतंय?”

मी खिशातून पेन काढलं. मिस्त्रींनी नको म्हणून मान हलवली. पेटी महिन्याच्या एक तारखेला उघडायची होती, आणि त्या दिवशी होती नऊ. ते स्वतःच निघाले, बाईला पुढे घेऊन; मागून मी, वेळपत्रकाचे कागद हातात धरून. इंजिनाला साखळी लावून झाली होती. आठ माणसं भोवती होती, सगळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

“बाई काय म्हणतात तेवढं ऐकून घ्या,” मिस्त्री भांडारवाल्यांना म्हणाले. “चाकाजवळचा पाटा बघा. इंजिनाला हात लावू नका.”

“मिस्त्री, तुम्ही तुमचा विभाग सांभाळा.”

मिस्त्रींनी आठही जणांकडे पाहिलं, एकेकाकडे, सगळ्यात खालच्यापासून. वेल्डरने चष्मा पुसायला घेतला. एकाने साखळीचा आकडा पुन्हा तपासला. मी तर कागदातून मान वर काढली नाही.

“चला, बाई,” ते म्हणाले. तिची पाण्याने भरलेली बादली त्यांनी उचलली आणि दोघं शेडकडे चालू लागली. आमच्याकडे इंजिन हळूहळू वर उचललं जात होतं.