दुमडलेला कोपरा

दाताच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तीन दुकानं झाली. नाइलाजानं तुझ्याकडे आलोय."

नाइलाजच. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांचाच कॉम्प्युटर तापून बंद पडला होता. प्रोसेसर गार ठेवणारा कूलर तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा न काढताच बसवला होता. बसवणारे आमचे मास्तर, मी कामाला होते त्या दुकानाचे मालक. पण त्यांनी भर दुकानात खापर माझ्यावर फोडलं, पापुद्रा माझ्या अंगावर फेकला आणि मला घरी पाठवलं. डॉक्टरांच्या खुर्चीत अर्धा बाजार आ वासून बसतो आणि डॉक्टर बोलायचे थांबत नाहीत. आठवडाभरात माझं नाव 'पापुद्रा' पडलं. नवऱ्याचा मित्रसुद्धा विचारतो, "काय पापुद्रावहिनी, बरं आहे ना?" मी हसते. मनात दात-ओठ खाते.

"झालंय काय?" मी विचारलं.

"मास्तरांनीच नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक कार्ड, नवा कूलर टाकून दिला. गेम पाच मिनिटं पळतो, मग गोगलगाय. मास्तर म्हणतात, गेममध्येच खोट आहे. आणि रविवारी भावाशी मॅच आहे माझी!"

मी गेम लावला आणि तापमानाचा आकडा पडद्यावर आणला. पाच मिनिटांत तो शंभराला टेकला. जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत होता आणि बिचारं नवं कार्ड त्याची वाट बघत बसलं होतं. कूलरला हात लावला. गार. खालची उष्णता वर पोचतच नव्हती.

मध्ये काय अडकलंय, ते मी ओळखलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला.

"डॉक्टर, मास्तरांना बोलवा. त्यांच्यासमोरच उघडू. नाहीतर उद्या म्हणतील, मीच काहीतरी केलं."

मास्तर आले ते नाकानं कांदे सोलतच. "काय गं पापुद्रा, अजून स्क्रू फिरवतेस?"

"आज तुम्हीच फिरवा, मास्तर."

चार स्क्रू निघाले, कूलर वर आला. तळाच्या तांब्यावर, उष्णता वर नेणाऱ्या पेस्टनं माखलेला पापुद्रा जसाच्या तसा होता. डॉक्टर टेबलावर वाकले.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "दुकानात पुतण्या असतो, त्यानं बसवला असेल."

चोराच्या उलट्या बोंबा! मी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. माझ्या अंगावर फेकलेला पापुद्रा मी चार वर्षं जपून ठेवला होता. तो नव्याशेजारी ठेवला. दोघांचाही एकच कोपरा उचलून दुमडलेला, पुस्तकाच्या पानासारखा.

"मी पापुद्रा आधी पूर्ण ओढते आणि मनगटावर चिकटवते," मी म्हणाले. "कोपरा दुमडून ठेवायची सवय कोणाची, मास्तर?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "अहो, बसवताना तुम्हीच मला सांगत होता! कोपरा दुमडला की काढायचं विसरत नाही म्हणून. तेवढ्यात तुमचा फोन वाजला."

मास्तर पुटपुटले, "चुकतो माणूस कधीतरी."

"चुकतो. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला असतात, तर माझी नोकरी राहिली असती."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि निघून गेले. मला जराही दया आली नाही.

मी पापुद्रा काढला, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. गेम तासभर एकसारखा पळाला. डॉक्टरांनी खिशात हात घातला.

"पैसे नकोत," मी म्हणाले. "खुर्चीत येईल त्या प्रत्येकाला हे सांगा. दोन्ही कोपऱ्यांसकट."

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा मित्र घरी आला. "वहिनी," तो नुसतं 'वहिनी' म्हणाला, "बाजारात मास्तरांना आता काय म्हणतात, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होतं: 'दुमडलेला कोपरा'. सकाळपासून तिघांनी सांगितलं होतं.

"नाही हो," मी खुर्ची पुढे ओढली. "सांगा ना."