खारट कवळी

त्या सकाळी तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, कठड्यावर माणसं, मुलांच्या घसरगुंडीवरसुद्धा चांगली पोटं सुटलेली माणसं. मधोमध खुर्ची टाकून निळ्या कफनीतले महाराज डोळे मिटून बसले होते आणि तळ्याला दमात घेत होते.

"जलराणी! जे गिळलंस ते ओक! भक्ताचं भक्ताला दे! माशांनो, बाजूला व्हा! बेडकांनो, वाट सोडा!"

जलराणीने गिळले होते ते आमच्या सासूबाईंचे वरचे दात. त्याचं असं झालं, की आदल्या आठवड्यात तळ्यावरच्या लाकडी पुलावर त्या शेजारणीशी भांडत होत्या. भांडण रंगात आलं, "फालतू" हा शब्द त्यांनी नको तितक्या जोरात उच्चारला आणि कवळी कठड्यावरून थेट पाण्यात गेली. मी दातांची डॉक्टर. ती कवळी मीच केलेली. "आई, ती ढिली झालीये, दवाखान्यात या," असं मी घसा कोरडा करून सांगत होते. पण घरच्या डॉक्टरला कोण विचारतो! पाणी कमरेइतकंच, पण गढूळ. आम्ही काठीने बराच गाळ ढवळला, हाती एक फुटकी चप्पल लागली.

तोवर गावात महाराजांचा बोलबाला झालाच होता. न्हाव्याची हरवलेली कात्री त्यांनी तळ्यातून वर बोलावली होती. कात्री दुकानातून नाहीशी झालेली तळ्यात कशी गेली, हे न्हाव्याला कुणी विचारलं नाही आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही. लोखंडाची कात्री पाण्यावर तरंगत आल्यावर इतकं बारीक कोण बघतो?

तास होत आला होता. माना दुखायला लागल्या होत्या. एवढ्यात तळ्याच्या मध्यावर बुडबुडा आला आणि पाठोपाठ शेवाळाचा एक गोळा टुणकन वर उडाला. गर्दीने "ओऽऽ" केलं. महाराजांचा चेला नाव वल्हवत गेला, गर्दीकडे पाठ करून त्याने गोळा उचलला, शेवाळ सोडवलं आणि पिवळ्या रुमालावर ठेवून आणली आमची कवळी!

"माते, धारण करा!" महाराज म्हणाले.

"अहो थांबा, आधी उकळू तरी द्या!" मी ओरडले. पण सासूबाईंनी ती केव्हाच तोंडात बसवली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी जीभ टाळूवरून फिरवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "खारट आहे."

कुणी लक्षच दिलं नाही. मीही नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून सासूबाईंना सगळंच खारट लागत आलंय. माझी भाजी खारट, माझं सूप खारट, एकदा तर त्यांनी माझ्या चहालाही नावं ठेवली होती.

खरा घोटाळा घरी आल्यावर झाला. सासऱ्यांनी खुर्चीत बसता बसता जाहीर केलं, "सोमवारचं माझं ऑपरेशन रद्द."

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरून बस आली तरी तिला ते भिंत समजतात. महिनोन् महिने त्यांची समजूत घालून एकदाची तारीख ठरवली होती. सुई, सुरी असले शब्द ऐकले तरी त्यांना घाम फुटतो.

"मी महाराजांशी बोललोय," ते म्हणाले. "उद्या चष्मा तळ्यात अर्पण करायचा. तो वर आला की डोळ्यांवरचा पडदा गेला. कापाकापी नाही, टाके नाहीत."

"बाबा, पडदा डोळ्याच्या आत आहे. तळ्यात नाही!"

"तुझ्या हातून कवळी आली का वर? नाही ना? मग!"

मला रडू यायचं बाकी होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की आता उशीर केलात तर काम अवघड होईल. आणि या माणसाला सुरीच्या भीतीपेक्षा आंधळेपण सोपं वाटत होतं! मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. मागोमाग सासूबाई आल्या.

"मी म्हणते, खारट आहे."

"आई, तुम्हाला सगळंच खारट लागतं."

"हो? मग हे काय आहे?" तळ्यावरच काढून पदरात गुंडाळलेली कवळी त्यांनी पुढे केली, तिच्या टाळूच्या खोलगट भागात नखाने खरवडलं आणि माझ्या तळहातावर एक पांढरा कण ठेवला. मी तो जिभेला लावला. मीठ! चक्क मिठाचा खडा!

तळ्याचं पाणी गोडं. मग मीठ आलं कुठून? आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एकाच पदार्थाच्या चवीवर आमचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

मीठ पाण्यात विरघळतं, यावरून मला एक शंका आली. मी गोळ्यांची एक रिकामी प्लॅस्टिकची डबी घेतली, झाकण घट्ट लावलं, तिला चमचा बांधला. नुसती सोडली तर चमचा घेऊन ती बादलीत तरंगायची. मग एका पातळ फडक्यात मूठभर खडे मीठ बांधून ती पुरचुंडी डबीला लटकवली. सगळं तळाशी गेलं. आम्ही भांडी घासली, भाजी निवडली, निवडलेल्या भाजीवरून थोडं भांडलोही. आणि मग बादलीत "बुळुक्" झालं. मीठ विरघळलं होतं, फडकं रिकामं झालं होतं आणि डबी चमच्याला घेऊन वर आली होती.

"अहो, इकडे या! बादली प्रसन्न झाली!" सासूबाईंनी हाक मारली.

सासरे आले, त्यांनी चमचा चाचपला आणि मान हलवली. "बादलीत काय, कोणीही करेल. तळ्याची गोष्ट वेगळी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं "बरं" मी ओळखते. पुढच्या माणसाचं काही बरं होत नसतं.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. सासरे चष्मा हातात घेऊन पुढे उभे. महाराजांनी चष्म्यावरून हात फिरवला. "वत्सा, चेला हा नावेतून नेऊन मधोमध सोडील. लगेच येणार नाही. जलराणी आधी धूळ पुसते, मग नंबर पुसते."

"आधी माझे आभार," म्हणत सासूबाई वाकल्या. महाराजांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर त्यांच्या जीपच्या किल्ल्या होत्या. सासूबाई सरळ झाल्या तेव्हा त्या किल्ल्या त्यांच्या हातात होत्या, आणि कुणाला काही कळायच्या आत किल्ल्या तळ्यात गेल्या. डुबुक्!

"अगं बाई, सुटल्याच हातून," सासूबाई म्हणाल्या. "महाराज, तेवढ्या वर बोलवा ना."

महाराजांचा चेहरा कफनीच्या रंगाचा झाला. पण लोक बघत होते. त्यांनी हात वर केले, जलराणीला दम दिला, विनवलं, शेवटी लाडीगोडी लावली. उन्हं तापली. एक बदक आलं आणि कंटाळून गेलं.

"किल्ली लोखंडाची आहे," महाराज अखेर म्हणाले. "लोखंडाला भक्ती नसते."

"मग माझी कात्री काय लाकडाची होती?" गर्दीतून न्हावी ओरडला. आणि मग त्याने चेल्याच्या नीट कापलेल्या दाढीकडे बघितलं. "तू दाढी करून गेलास, आणि त्यानंतरच माझी कात्री गेली रे!"

लोक हसायला लागले तसा महाराजांचा तोल सुटला. ते चेल्यावर खेकसले, "बघतोस काय ठोंब्यासारखा? जाळी आण!"

"आत्ता?" चेला गोंधळला. "नेहमी लोक गेल्यावर काढतो ना आपण?"

"आण म्हणतो ना!"

"पण महाराज," चेला रडकुंडीला आला, "जाळी जीपमध्ये आहे."

यानंतर जे झालं ते बघायला घसरगुंडीवर पुन्हा चढाओढ लागली. महाराज कफनी खोचून स्वतः पाण्यात उतरले. माशांना किंवा बेडकांना बाजूला व्हायला सांगण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ते गाळ चाचपत होते तेवढ्यात लोकांनी जीपच्या काचेला नाकं लावली. आत लांब दांड्याची जाळी होती, हिरव्या रंगाने रंगवलेल्या डब्या होत्या आणि एक जाडजूड पोतं.

सासरेही काचेपाशी आले. चष्मा घातला, डोळे बारीक केले, नाक काचेला टेकवलं. "पोत्यावर काय लिहिलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीठ," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. मग त्यांनी माझा हात धरला. "मला फार भीती वाटते गं," ते म्हणाले.

"वाटू दे, बाबा. मी आत येईन तुमच्याबरोबर."

मी बादली आणलीच होती. सगळ्यांसमोर डबी, चमचा, मिठाची पुरचुंडी सोडली. तळातली वस्तू आधी जाळीने काढायची, मग मीठ बांधून मधोमध सोडायची आणि ते विरघळेपर्यंत बडबड करायची, एवढंच त्यातलं रहस्य. चमचा वर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, टाळ्या मिठाला वाजवा. ते कुणाच्याही बादलीत असंच विरघळतं.

सोमवारी सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी आधी खिडकी पाहिली, मग सासूबाईंकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. "अगं, तू केवढी म्हातारी झालीस!" ते म्हणाले आणि सासूबाईंनी आनंदाने इतक्या जोरात "फालतू!" म्हटलं, की कवळी पुन्हा उडाली. या वेळी मी ती झेलली आणि घट्ट करायला सरळ दवाखान्यात नेली.

तर मंडळी, हरवलेली वस्तू कुणी तळातून वर आणून दिली तर त्याचे आभार जरूर माना. पण टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा, की ती तळाशी कुणी ठेवली होती? आणि एखादी म्हातारी सगळं जग टाळ्या पिटत असताना "खारट आहे" म्हणाली, तर तिला गप्प बसवू नका. आधी चव घेऊन बघा.