वाढवलेली दोन वर्षं

बारा वर्षांपूर्वी मोहगावजवळच्या त्या शाळेच्या पटावर एकोणीस पोरं होती आणि वीस भरली नाहीत तर शाळा बंद होणार होती. शाळेच्या शिक्षिका सुचिताबाईंनी अख्खं गाव पालथं घातलं. गावातली इंदू संत्री तोडायला जाताना आपल्या चार वर्षांच्या पोरीला, उर्वशीला, बांधावर निजवायची. तिलाच बाईंनी पहिलीत बसवलं आणि दाखल-खारीज रजिस्टरात सहा वर्षांची लिहिलं. दोन वर्षं वाढवून लिहिल्यानं कोणाचं काय बिघडणार होतं? शाळा वाचली, पोरीला दुपारचं जेवण मिळालं आणि बाई हे आपलं पुण्यच समजत राहिल्या.

परवा तीच उर्वशी बाईंच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, बाबा माहं लग्न लावून राहिले, सोमवारी. मी बालविवाहाच्या हेल्पलाइनले फोन केला. तपासाले साहेब येऊन राहिले उद्या. तुम्ही सांगजा, मी सोळाचीच आहो म्हणून."

"सांगीन न बेटा. तू भिऊ नको," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्या मनापासून बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब थेट शाळेत आले. इंदू, तिचा नवरा गुणवंता आणि उर्वशीही आले. आधारकार्ड शाळेच्याच दाखल्यावरून बनलेलं, म्हणून साहेबांनी मूळ रजिस्टर मागितलं. ती ओळ बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात होती.

"अठरा पूर्ण. वर तीन महिने," साहेब म्हणाले.

"खोटं आहे ते, साहेब. मॅडमले विचारा," उर्वशी म्हणाली.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मॅडम, नोंद खोटी असेल तर तसं लिहून द्या. लग्न आजच थांबवतो. पण मग तुमची चौकशी लागेल."

बाईंच्या रिटायरमेंटला सात महिने उरले होते. त्यांनी इंदूकडे पाहिलं. पोर जन्माला घालणाऱ्या आईला साल ठाऊक नसेल होय? पण नवऱ्यासमोर तिनं मिठाची गुळणी धरली होती. तिला नावं ठेवायला बाईंना तरी कुठं तोंड होतं!

"रजिस्टरात आहे तेच बरोबर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी नक्कल मागितली. बाईंनी खाली 'मूळ नोंदीशी जुळते' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. गुणवंतानं पिशवीतून लग्नपत्रिका काढून रजिस्टरावर ठेवली. "मॅडम, तुम्ही तं यायलेच पायजे. तुमच्यानंच शिकली पोरगी."

उर्वशी रडली नाही. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मॅडम, सांगा न. मी किती वर्षांची आहो?"

बाई शिक्क्याच्या ओल्या शाईकडे पाहत राहिल्या.

"अठरा," त्या म्हणाल्या.