झिरपणारे सेल

"वेग गाठला! चिपमधला सिग्नलचा एकही मार्ग मागे नाही," सकाळच्या मीटिंगमध्ये दाजींनी छाती फुगवून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मेहुणीने नाही. ही टीम कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाच्या मशीनसाठी चिप बनवत होती; चिपचा वेग सांभाळणं दाजींकडे होतं आणि वीज वाचवणं मेहुणीकडे. ताईच्या नवऱ्याबरोबर एकाच टीममध्ये काम, म्हणजे रोजच्या उखाळ्यापाखाळ्या.

तिने रिपोर्ट उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला न विचारता दाजींनी चिपमधले निम्म्याहून जास्त सेल, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारे चिमुकले स्विच, लो-थ्रेशोल्ड, कमी व्होल्टेजवरच चालू होणारे, करून टाकले होते. हे सेल चपळ खरे, पण नुसते बसून असतानाही वीज झिरपवत राहतात. हाय-थ्रेशोल्ड सेल संथ, पण वीज धरून ठेवतात. आठवडाभर पुरणारी बॅटरी आता दोन दिवसांत मान टाकणार होती.

"दाजी, कुणाला विचारून केलंत हे?"

"तुला विचारून पाणी प्यायचं का मी?"

"म्हाताऱ्या माणसांनी थरथरत्या बोटांनी दर दोन दिवसांनी बॅटरी बदलायची?"

"मग मोठी बॅटरी घाला! ताईने लाडावून ठेवलंय तुला. इथे ताई नाही."

ती तडक मॅनेजरबाईंकडे गेली आणि वेग न घटवता वीज वाचवता येईल, असं म्हणाली. "दुपारपर्यंत करून दाखव," बाई म्हणाल्या. तोवर दाजींनी फाइल्सना कुलूप घातलं होतं; बाईंनी ते उघडायला लावलं.

ज्या मार्गांवर सिग्नल वेळेच्या आधीच पोचत होता, तिथले सेल तिने हाय-थ्रेशोल्ड केले. आवाज गाळणाऱ्या मार्गाला मात्र हात लावला नाही. तिथे चपळाई हवीच होती. तेवढ्यापुरते दाजी बरोबर होते, हे तिला गिळावंच लागलं. दोनदा वेग कमी पडला, दोनदा तिने थोडे सेल पुन्हा चपळ केले. तीन वाजता शंभरात आठच चपळ सेल उरले. वेग जागच्या जागी, बॅटरी सहा दिवस.

"आंधळ्याच्या हाती लागलं घबाड," दाजी सगळ्यांदेखत म्हणाले आणि खुर्ची लाथाडून निघून गेले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "चारचौघांत नाक कापलंस ना त्यांचं? आता रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ नकोस."

"अगं, पण चूक त्यांची..."

फोन कट झाला.

तिने परत लावला नाही. रविवारी ती घरीच थांबली. सोमवारी दाजींनी दुसरी टीम मागून घेतली.