डावीकडचा चेहरा

तिने पान उलटले आणि त्याचा कोपरा तिच्या चिमटीतच राहिला. कागद इतका वाळला होता की बोट लागेल तिथे भुगा होत होता. टेबलापलीकडच्या ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले.

"बाई, उलटायचं नाही. उचलायचं आणि अलगद झोपवायचं. तान्ह्या बाळासारखं."

"तान्हं बाळ एवढं तडकत नाही."

"पहिलं असेल तर आई-बापच तडकतात," ते म्हणाले आणि आपल्या कात्रणांकडे वळले.

वर्तमानपत्राच्या कचेरीतला जुन्या अंकांचा विभाग तळघरात होता. छताला लागून एक आडवी खिडकी, तिच्यातून फुटपाथवरून जाणारे पाय दिसत. बाहेर झिरमिर चालू होती आणि पाय घाईत होते. आतल्या भिंतींना ओल चढलेली, कपाटांना गंज. गेले तीन शनिवार ती इथे येत होती. वडील गेले ते वर्ष तिला पक्के माहीत होते, महिन्याबद्दल मात्र घरात दोन मते होती. आईला विचारले की आई म्हणायची, "थंडी होती." त्यापलीकडे काही नाही.

घरी भिंतीवर वडिलांचा एकच फोटो होता. तोही मुळात फोटो नव्हे. वर्तमानपत्रातले कात्रण स्टुडिओत नेऊन मोठे करून घेतलेले. कात्रणावरचे छपाईचे ठिपके त्या चेहऱ्यासोबत वाढले होते, म्हणून लहानपणी तिच्या धाकट्या भावाची खात्री होती की बाबांच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. शाळेत त्याने तसे निबंधातही लिहिले होते. बाकीचे फोटो घर बदलताना ट्रंकेत भिजून गेले, असे आई सांगे. यंदा भिंतीला ओल आली आणि चौकटीतल्या चेहऱ्याची अर्धी बाजू तपकिरी होऊन फुगली. भाऊ हळहळला. त्याच्या मुलीला नुकताच मुलगा झाला होता, आणि बाळाचे कपाळ पणजोबांचे आहे हे घरात एकमताने ठरले होते.

"ताई, मूळ अंक शोध तू. त्यावरून स्वच्छ प्रत काढून घेऊ," तो म्हणाला होता. "तुझं सगळं आयुष्य छापलेल्या कागदात गेलंय. एक कागद नाही सापडणार?"

ती पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. घरी तिला सगळे 'तपासनीस बाई' म्हणत. लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरचे लेबल, तिच्या हातात कागद आला की चूक निघायचीच.

आई तेवढी म्हणाली होती, "कशाला उकरायचं? आहे तो पुसून लावा परत."

ग्रंथपालांनी दिव्याची मान तिच्याकडे वळवली. तिने पुढचे पान उचलले, झोपवले. आणि पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर, खालच्या निम्म्या भागात, तो दिसला.

कागद गिरणीतला बॉयलर फुटला होता. दोघे जागीच ठार, काही जखमी. बातमीच्या खाली दोन लहान फोटो शेजारी शेजारी. दोघांच्या डोक्यावर गिरणीची तीच टोपी, अंगावर तोच बंद गळ्याचा गणवेश. ओळखपत्रांवरून घेतलेले असणार. डावीकडच्या चेहऱ्याखाली वडिलांचे नाव, पुढे 'बॉयलर चालक'. तोच चेहरा. रुंद कपाळ, किंचित झुकलेल्या पापण्या, कोणाचे तरी बोलणे नीट ऐकून घेत असल्यासारखी नजर. भिंतीवरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. उजवीकडे दुसऱ्या कोणाचे नाव, पुढे 'भांडारपाल'. त्या चेहऱ्यावरून तिची नजर सरकली. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, एवढेच.

"सापडलं?" ग्रंथपालांनी विचारले.

"सापडलं."

"चला. आता तुमचा डबा खायला हरकत नाही. तीन शनिवार नुसता घेऊन येताय आणि घेऊन जाताय."

ती हसली. डबा काढण्याऐवजी तिने पुढच्या दिवसाचा अंक उचलला. वडिलांविषयी आणखी दोन ओळी असतील, गिरणीने काही म्हटले असेल, अशी आशा होती. खेरीज छापून आलेल्या मजकुरावर दुसऱ्या दिवशीचा अंक पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही तिच्या धंद्यातली जुनी खोड.

खुलासा तिसऱ्या पानावर होता. शिलाई यंत्राच्या जाहिरातीखाली, बारीक टाइपात.

'कालच्या अंकात कागद गिरणीतील दुर्घटनेत मृत्यू पावलेल्या दोघांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांखालील नावांची अदलाबदल झाली असून, डावीकडील छायाचित्र भांडारपालांचे व उजवीकडील बॉयलर चालकांचे आहे. भांडारपालांच्या बंधूंनी ही चूक निदर्शनास आणली. आम्ही दिलगीर आहोत.'

तिने तो मजकूर वाचला. मग कामावर वाचते तसा, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

मग तिने आदल्या दिवसाचे पान पुन्हा समोर ओढले. उजवीकडचा माणूस. भुवया जवळ आलेल्या, ओठ घट्ट, जबडा पुढे काढलेला. कुठे पाहिल्यासारखा वाटला ते आता कळले. तो जबडा तिच्या भावाचा होता. रोज सकाळी औषधाच्या दुकानाचे शटर वर ढकलताना तो दात आवळतो, तेव्हा असाच दिसतो. फक्त शटर वर गेले की भावाचा चेहरा सैल होतो.

"कोणत्या फोटोची प्रत काढायची?" ग्रंथपाल कॅमेरा घेऊन मागे उभे होते.

"दोन्ही," ती म्हणाली. "आणि अख्ख्या पानाची एक."

भांडारपालांचा भाऊ इथे, या इमारतीत आला असेल. दुःखाचा पहिला दिवस, तरी माणूस तणतणत आला, म्हणाला, हा माझा भाऊ आहे, नाव नीट छापा. आपल्या घरून कोणी आले नाही. हे तिला फुटपाथवर आल्यावर सुचले, आणि मग घरी पोचेपर्यंत दुसरे काही सुचले नाही.

आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. डाव्या हाताची करंगळी तिची कायमची वाकडी. जिन्यावरून पडल्याची खूण. दाणे काढताना ती करंगळी बाजूला उभी राही. समोरच्या भिंतीवर चौकट होती तिथे फिकट चौकोन उरला होता.

"मिळाला?"

"मिळाला."

"मग तोंड असं का पडलंय? पैसे जास्त घेतले?"

तिने अख्ख्या पानाची प्रत आईसमोर स्टुलावर पसरली. आईने चष्मा शोधला नाही. थोडी वाकली. तिची नजर आधी उजवीकडे गेली. डावीकडे नाही. उजवीकडे जाऊन थांबली, आणि हातातली मटाराची टरफले तिने त्या उजव्या चेहऱ्यावर ठेवली, जणू तेवढीच जागा रिकामी होती.

"आई, नावं उलटी पडली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा छापला होता."

"असेल."

"तू वाचला होतास?"

"मला कशाला हवा खुलासा? एका घरात राहिले मी त्या माणसाबरोबर. मला चेहरा ओळखता येत नव्हता?"

आईने पुढची शेंग घेतली, अंगठ्याने फोडली. ती आईच्या समोर जमिनीवर बसली.

"शेजारीण घेऊन आली होती तो पेपर," आई आपणहून म्हणाली. "माझे डोळे सुजलेले. तिला वाटलं, रडून. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, बाई गं, निदान फोटो तरी छापून आलाय, जपून ठेव, पोरांना दाखवायला होईल. मी फोटो बघितला. खाली नाव बघितलं. पुन्हा फोटो बघितला. आणि तिच्याकडे कात्री मागितली."

"पण आई, दुसऱ्या कोणाचा माणूस तो."

"त्याच्या घरच्यांकडे त्याचे फोटो असतील की. माझ्याकडे नव्हता एकही चांगला."

"ट्रंक भिजली होती ना?"

आईने तिच्याकडे पाहिले. ती लहानपणी खोटे बोलताना सापडली की आई पाहायची तसे; फक्त आता सापडलेली कोण, ते स्पष्ट नव्हते.

"ह्याचे डोळे बरे होते," आई म्हणाली. "तुम्हा दोघांना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर वाढायचंच होतं. तुझा भाऊ चौथीत असताना एकदा तुझ्यावर हात उगारून धावला होता, आठवतं? मी नुसतं म्हटलं, बघ, बाबा बघतायत. त्यानं भिंतीकडे बघितलं आणि हात खाली घेतला. पुन्हा कधी उचलला नाही. ना तुझ्यावर, ना बायकोवर, ना पोरीवर." तिने टरफले हाताने सारखी केली. "त्या दुसऱ्याकडे बघून त्यानं हात खाली घेतला असता?"

वडिलांची म्हणून तिच्याकडे एकच आठवण होती. भाऊ तेव्हा तान्हा. त्याला तीही नव्हती, म्हणून तो तिच्याकडून ती पुन्हा पुन्हा सांगून घ्यायचा. पुढे त्याची मुलगीही ऐकायची. ती आणि आई खाटेखाली लपल्या आहेत. आईच्या कुशीत बाळ, त्याला पदरात गुंडाळलेले. अंधार. मग दारातून बूट येतात, इकडे जातात, तिकडे जातात, खाटेसमोर येऊन थांबतात. आईचा तळवा तिच्या तोंडावर घट्ट. हसायचे नाही, हसलो तर बाबा पकडतील. बाबा आमच्याशी लपाछपी खेळायचे, असे ती सांगायची. भाऊ म्हणायचा, नशीबवान आहेस, ताई.

"आई," तिने विचारले, "खाटेखाली आपण लपायचो. खेळत होतो ना आपण?"

आईचे हात थांबले. बाहेर कोणाची तरी सायकल पाण्यातून सप् सप् करत गेली.

"तू कधी आवाज केला नाहीस," आई म्हणाली. "तीन वर्षांची होतीस. फार शहाणी होतीस."

आणि तिने उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

पुढच्या रविवारी भाऊ चौकट घेऊन आला. नवी, काळ्या लाकडाची, जाड काचेची. चौकटीत घालायची प्रत तिने त्याच्याकडे आधीच पाठवली होती. कोणती पाठवायची यावर ती छापखान्यात दोन दिवस काम सोडून बसली होती. तिसऱ्या दिवशी पाकीट बंद केले. डावीकडचा चेहरा. खाली नाव जसे छापले होते तसे.

भाऊ स्टुलावर चढला, खिळा ठोकला, चौकट अडकवली आणि खाली उतरून मागे सरला.

"बघ, काय नजर आहे. इतकी वर्षं आपण ठिपकेच बघत होतो." त्याने नाक पुसले आणि हसून म्हणाला, "देवी नव्हत्या म्हणजे. मास्तरांना कळवायला हवं. आई, सरळ लागलाय?"

"डावीकडून जरा वर घे," आई कॉटवरून म्हणाली. "हं. बास."

"ताई, तुझ्या नजरेला काही चूक दिसतेय का? आत्ताच सांग, नंतर मी चढणार नाही."

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

तो हात धुवायला निघाला आणि वाटेत टेबलावरच्या तिच्या पिशवीला धक्का लागून ती कलंडली. डबा, छत्री, आणि कचेरीच्या शिक्क्याचे तपकिरी पाकीट खाली आले. पाकिटातून दुसरी प्रत अर्धी बाहेर सरकली. भावाने ती उचलली.

"हा कोण?"

ती पुढे झाली होती. थांबली.

"त्याच पानावर होता. बाबांच्या शेजारी. त्यांनी दोन्हींच्या प्रती काढल्या."

"म्हणजे बाबांच्या बरोबर गेला तो." त्याने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. टोपीखालचा तो आवळलेला जबडा आणि त्यावर झुकलेला भावाचा चेहरा, दोन्ही एका रेषेत आले. तिने मान फिरवली. "कोणावर तरी चिडलाय वाटतं. ओळखपत्राचा फोटो म्हणजे सगळ्यांचा असाच येतो म्हणा. माझा बघ, मी चोर दिसतो त्यात." अंगठ्याने त्याने फोटोवरची न दिसणारी धूळ पुसली. "ह्याचंही कोणी असेल ना गं? मुलंबाळं. आपल्यासारखी वणवण करत असतील एका फोटोसाठी. तू त्या ग्रंथपालांना विचार. पत्ता काढ आणि पाठवून दे. शोधत असतील बिचारे."

भिंतीवरचा माणूस झुकल्या पापण्यांनी तिघांचे ऐकत होता.

"कोणी शोधत नाही," आई म्हणाली.

भावाने वळून पाहिले. आईने कूस बदलली होती आणि चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली होती. वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहिली होती.

"झोपेत बोलतेय," भाऊ हळूच म्हणाला आणि फोटो, कडा दुमडणार नाहीत अशा बेताने, पाकिटात परत ठेवू लागला.